रिंग दिसली की आधी टिंब शोधा : न्यूरोसिस्टिसरकोसिसचा सीटी आणि एमआरआय कसा वाचायचा

रेडिओलॉजीत नुकत्याच आलेल्या रेसिडेंट मुलामुलींसाठी आणि सीटी-एमआरआयच्या कन्सोलवर बसणाऱ्या टेक्निशियन मंडळींसाठी हे लिहितेय. न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणजे पट्टकृमी या जंताची अळी मेंदूत जाऊन बसणं. फिटचे पेशंट बघणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरांनाही यातलं बरंच कामाला येईल.

मी सेकंड इयरला असताना रात्रीच्या कॉलला एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. सकाळी शाळेत प्रार्थनेला उभी असताना उजवा हात झटकायला लागला, मग तोंड वाकडं झालं आणि ती पडली. काँट्रास्ट सीटीत, म्हणजे चित्र उठावं म्हणून शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटीत, डाव्या बाजूला एक छोटी रिंग होती आणि भोवती सूज. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "रिंग एन्हान्सिंग लीजन, ट्युबरक्युलोमा किंवा न्यूरोसिस्टिसरकोसिस, क्लिनिकली कोरिलेट करा," आणि पुढचा स्कॅन उघडला. (लीजन म्हणजे बिघडलेला भाग, एन्हान्सिंग म्हणजे काँट्रास्ट घेऊन चमकणारा, ट्युबरक्युलोमा म्हणजे टीबीची गाठ, आणि कोरिलेट म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघणं.) खाली ज्यांनी तो रिपोर्ट वाचला त्यांनी पहिला शब्द धरला आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी ती एमआरआयला आली तेव्हा गाठ जवळपास गेलेली होती आणि सगळे म्हणत होते बघा, टीबीच होता, औषध लागू पडलं. आमच्या मॅडमनी माझा जुना सीटी उघडला, पाच मिलीमीटरचे नाही तर एक मिलीमीटरचे स्लाइस लावले आणि रिंगच्या आत एका कडेला चिकटलेलं टिंब दाखवलं. ते टिंब त्या रात्रीही तिथेच होतं. पोरीने तीन महिने नको असलेल्या गोळ्या खाल्ल्या होत्या, उलट्या करकरून जेवण तुटलं होतं तिचं. ते टिंब म्हणजे जंताच्या अळीचं डोकं, आणि हा लेख त्या टिंबासाठी आहे.

आधी जंत समजून घ्या

टीनिया सोलियम हा डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या दिवसापासून त्या वेगळ्या ठेवा. अळ्या असलेलं डुकराचं मांस अर्धकच्चं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांबच लांब पट्टकृमी वाढतो. त्या माणसाला बहुतेक वेळा काही त्रास नसतो, पण त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडत राहतात. ती अंडी दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, किंवा हात न धुता स्वयंपाक करणाऱ्याच्या हातातून, की अंड्यातून अळी निघते, आतड्याची भिंत पार करून रक्तात जाते आणि स्नायू, डोळा, मेंदू असं कुठेही जाऊन बसते. या अळीला सिस्टिसरकस म्हणतात, ती मेंदूत बसली की न्यूरोसिस्टिसरकोसिस. म्हणजे मेंदूतला आजार मांस खाऊन होत नाही, अंडी गिळून होतो.

हे का सांगतेय, तर हिस्टरी घेताना हमखास ऐकायला मिळतं, "अहो डॉक्टर, आम्ही माळकरी आहोत, घरात अंडंसुद्धा येत नाही," आणि ते ऐकून नवा डॉक्टर यादीतून सिस्टिसरकोसिस खोडून टाकतो. खोडू नका. न्यूयॉर्कमधल्या ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंबांत, जिथे डुक्कर धर्मानेच वर्ज्य आहे, तिथे हाच आजार सापडल्याचं १९९२ साली छापून आलं होतं, आणि धागा जाऊन पोचला घरकाम करणाऱ्या, हा आजार जिथे आहे अशा देशांतून आलेल्या लोकांच्या आतड्यातल्या पट्टकृमीपर्यंत. आपल्याकडे उघड्यावर शौच आणि गावात मोकाट फिरणारी डुकरं जिथे एकत्र आहेत तिथे शाकाहारी घर सुरक्षित राहात नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की हा जंत जिथे मुरलेला आहे अशा बऱ्याच भागांत अपस्माराच्या साधारण ३० टक्के केसेस याच्यामुळे असतात.

अजून एक, कोबीतला तो हिरवा किडा कानातून किंवा पोटातून मेंदूत जातो ही गोष्ट पेशंट सांगतील. तो किडा निर्दोष आहे, पण कोबीच्या पानांत मातीबरोबर अंडी अडकू शकतात हे खरं, त्यामुळे हसून उडवू नका, नीट समजावून सांगा.

पेशंट टेबलवर यायच्या आधी

दोन मिनिटं लागतात पण स्कॅनचा अर्थ त्यावर ठरतो. फिट कधी आली, पहिलीच का, एका बाजूची होती का पूर्ण अंगाची, डोकेदुखी आणि उलट्या सतत आहेत का, ताप आहे का, वजन उतरलंय का, घरात टीबीचा पेशंट आहे का, एचआयव्हीची तपासणी झालीय का, कातडीखाली हाताला लागणाऱ्या बारीक गाठी आहेत का. आणि हे विसरू नका की स्टेरॉइड आधीच सुरू झालंय का, कारण डेक्सामेथासोन दोन-तीन दिवस गेलं असेल तर सूज आणि रिंग दोन्ही फिक्या पडलेल्या असतात आणि तुम्ही लीजनची अवस्था चुकीची लिहाल. काँट्रास्टसाठी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), ॲलर्जी, बायांमध्ये प्रेग्नन्सी, हे नेहमीचं आहेच. लहान मूल असेल तर हलणार नाही याची सोय आधी करा, मूल हललं तर टिंब गेलंच समजा.

सीटी : प्लेन आधी, आणि पातळ

फिट आली की इमर्जन्सीत आधी सीटीच होतो. काँट्रास्ट देऊन मोकळे होऊ नका, प्लेन आधी करा. सीटीची खरी ताकद कॅल्सिफिकेशन, म्हणजे कॅल्शियम साठून झालेला ठिपका, दाखवण्यात आहे. मेलेल्या अळीचा खडूच्या ठिपक्यासारखा पांढरा बिंदू प्लेन सीटीत जसा दिसतो तसा साध्या एमआरआय सीक्वेन्समध्ये दिसत नाही, आणि काँट्रास्ट दिल्यावर छोटा ठिपका आणि एन्हान्समेंट यातला फरकच कळत नाही. अमेरिकेतल्या इन्फेक्शनच्या आणि ट्रॉपिकल मेडिसिनच्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून २०१७ च्या ज्या गाइडलाइन्स काढल्या त्यातही प्लेन सीटी आणि एमआरआय दोन्ही करा असंच सांगितलंय.

टेक्निशियन मित्रांना विनंती, पाच मिलीमीटरचे स्लाइस पाठवून थांबू नका, एक मिलीमीटरचं रिकन्स्ट्रक्शनही पाठवा. जाड स्लाइसमध्ये दोन-तीन मिलीमीटरचा स्कोलेक्स, म्हणजे अळीचं डोकं, आजूबाजूच्या पाण्यात सरासरीने विरून जातं. माझ्या त्या केसमध्ये हेच झालं होतं. आणि वाचणाऱ्याने नुसती ब्रेन विंडो (विंडो म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांची सेटिंग) बघून उठू नये, विंडो रुंद करून कवटीच्या लगतचा भाग परत बघावा, कारण हाडाला चिकटून असलेला कॅल्सिफाइड ठिपका ब्रेन विंडोत हाडातच मिसळून जातो.

प्लेन सीटीत एक-दोन ठिपके दिसले की लगेच रिपोर्ट करायचा मोह होतो. पिनियल, कोरॉइड प्लेक्सस, फाल्क्स, बेसल गँग्लिया ही ठिकाणं आधी वजा करा, तिथे असे ठिपके एरवीही असतात. जंताचे ठिपके शक्यतो मेंदूच्या वरच्या भागात, ग्रे आणि व्हाइट मॅटरच्या सीमेवर असतात, रक्तातून आलेली अळी बारीक होत जाणाऱ्या धमनीत तिथेच अडकते म्हणून.

एमआरआय : काय काय मागायचं

रुटीन ब्रेनच्या सीक्वेन्स, म्हणजे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेली चित्रं, असतातच, टी१, टी२, फ्लेअर (यात निवळ पाणी दबून काळं होतं), डिफ्युजन (यात पाण्याची हालचाल अडलेला भाग चमकतो). त्यात या पेशंटसाठी तीन गोष्टी मुद्दाम वाढवा. एक, एसडब्ल्यूआय किंवा निदान ग्रेडियंट, कॅल्सिफिकेशन पकडायला. दोन, थ्रीडी हेवी टी२, कुठल्या मशीनवर त्याला सिस म्हणतात कुठल्या मशीनवर फिएस्टा, ते व्हेंट्रिकल आणि सिस्टर्नसाठी, म्हणजे मेंदूतल्या आणि मेंदूभोवतीच्या पाण्याच्या पोकळ्यांसाठी. तीन, काँट्रास्टनंतर एक मिलीमीटरचा थ्रीडी टी१. गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं काँट्रास्ट, दिल्या दिल्या घाईने टी१ मारू नका, मधली पाच मिनिटं टी२ किंवा फ्लेअरला द्या, रिंग जास्त चांगली उठते आणि काँट्रास्टनंतरचा फ्लेअर फुकटात मिळतो.

एसडब्ल्यूआयमध्ये काळा ठिपका दिसला तर तो कॅल्शियम का जुनं रक्त हे फेज इमेजवर ठरतं, दोघांची सही उलटी असते. पण कुठल्या कंपनीच्या मशीनवर कॅल्शियम पांढरं आणि कुठल्या मशीनवर काळं, हे पाठ करत बसू नका. त्याच स्कॅनमधली एखादी व्हेन बघा, तिच्यातलं डीऑक्सी रक्त ज्या रंगाचं, त्याच्या उलटं असेल ते कॅल्शियम. शंका राहिली तर प्लेन सीटी आहेच.

अळी कुठल्या अवस्थेत आहे

हा भाग निवांत वाचा. एस्कोबारने १९८३ मध्ये मांडलेल्या चार अवस्था आजही सगळीकडे वापरतात, आणि त्या पाठ करण्यापेक्षा अळीचं काय होतंय हे डोळ्यासमोर आणलं तर आपोआप लक्षात राहतात.

अळी जिवंत आणि ठणठणीत आहे, ती पहिली, व्हेसिक्युलर अवस्था. पातळ भिंतीची गोल पिशवी, आत सीएसएफसारखं, म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यासारखं, निवळ पाणी, आणि भिंतीला एका कडेला चिकटलेला स्कोलेक्स. टी१ वर पिशवी काळी, टी२ वर पांढरी, फ्लेअरवर पाणी दबून काळं, आणि त्या काळ्यात स्कोलेक्सचं पांढरट टिंब. बऱ्याचदा डिफ्युजनवरही ते टिंब चमकतं, म्हणून डिफ्युजन स्ट्रोकसाठीच बघतात असं समजू नका. आकार साधारण पाच मिलीमीटर ते दोन सेंटीमीटर. सूज नाही, एन्हान्समेंट नाही किंवा नावापुरतं, कारण जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला दाबून ठेवते, वर्षानुवर्षं गप्प बसते. इंग्रजांच्या काळात भारतात नोकरी करून परत गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी गेल्यावर काही वर्षांनी फिट यायला लागल्या, अशा ४५० केसेसचा अभ्यास डिक्सन आणि लिप्सकॉम्ब यांनी १९६१ मध्ये छापला. तेव्हा सीटी नव्हता, मांडीच्या एक्स-रेत स्नायूंमध्ये दिसणारे तांदळाच्या दाण्यासारखे कॅल्सिफाइड दाणे हाच मोठा पुरावा असायचा. तो दाणा आजही उपयोगी आहे, पुढे येतंच ते.

अळी मरायला लागली की दुसरी, कोलॉइडल व्हेसिक्युलर. आतलं पाणी गढूळ होतं, प्रोटीन वाढतं, म्हणून फ्लेअरवर ते पूर्ण दबत नाही आणि टी१ वर सीएसएफपेक्षा उजळ दिसतं. अळी मरताना शरीराला तिचा पत्ता लागतो, भिंत जाड होते, रिंग उठते, भोवती भरपूर सूज. पेशंट बहुतेक याच अवस्थेत फिट घेऊन आपल्याकडे येतो. स्कोलेक्स आक्रसलेला असतो पण असतो, आणि शोधावा लागतो तो इथेच.

मग पिशवी आक्रसत जाते, तिसरी, ग्रॅन्युलर नोड्युलर. छोटी, जाड भिंतीची रिंग किंवा भरीव नोड्यूल, सूज ओसरत चाललेली. इथे स्कोलेक्स वेगळा ओळखू येत नाही, आणि टीबीशी गल्लत सगळ्यात जास्त इथे होते.

शेवटी कॅल्सिफाइड ठिपका. मेलेला, निपचित, पण कायमचा निरुपद्रवी नाही. जुन्या ठिपक्याभोवती अचानक सूज येऊन परत फिट येऊ शकते, त्यामुळे जुना अपस्मार असलेला पेशंट नव्याने फिट घेऊन आला तर प्रत्येक ठिपक्याभोवती फ्लेअर बघा आणि सूज असलेला ठिपका कुठला ते रिपोर्टमध्ये नाव घेऊन लिहा.

एकाच मेंदूत चारही अवस्था एकत्र दिसू शकतात, आणि तशा दिसल्या तर उलट निदान सोपं होतं. वेगवेगळ्या वयाच्या अळ्या एका डोक्यात नांदताहेत असं चित्र दुसरा आजार सहसा देत नाही.

टीबी की जंत

आपल्या देशात हा प्रश्न रोज पडतो, आणि याचा इतिहास माहीत असायलाच हवा. १९८० च्या दशकात सीटी मशीनं आली तसं भारतात फिटच्या पेशंटमध्ये एकच छोटी चमकणारी गाठ दिसायला लागली. आपला देश टीबीचा, म्हणून त्या ट्युबरक्युलोमा समजल्या गेल्या, टीबीची औषधं दिली गेली, गाठी नाहीशा झाल्या आणि निदान पक्कं झालं असं सगळ्यांना वाटलं. मग लक्षात यायला लागलं की औषध न देताही त्या जातात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात राजशेखर आणि चांडी यांच्या टीमने अशा गाठी काढून पॅथॉलॉजी केली, १९८९ ते १९९१ च्या दरम्यान ते छापून आलं, आणि त्यातल्या बऱ्याच गाठींत सिस्टिसरकस सापडला. म्हणजे गाठ औषधाने जात नव्हती, मेलेली अळी आपोआप विरघळत होती. माझ्या त्या मुलीच्या बाबतीत तीन महिन्यांनी सगळे जे म्हणत होते, ती तीच जुनी चूक होती, आणि म्हणून "टीबीच्या औषधाने गाठ गेली" हा टीबीचा पुरावा म्हणून कधीही लिहू नका.

त्याच लोकांनी ऑपरेशन न करता एकट्या गाठीला सिस्टिसरकस म्हणण्यासाठी निकष दिले. गाठ एकच, काँट्रास्ट घेणारी, २० मिलीमीटर किंवा त्याहून लहान, आणि सुजेमुळे मिडलाइन, म्हणजे मेंदूची मधली रेषा, सरकलेली नाही. आणि पेशंटकडे बघून, फिट आहे पण डोक्यातला दाब सतत वाढलेला नाही, हातापायांची ताकद दिवसेंदिवस कमी होत चाललेली नाही, शरीरात दुसरा चालू आजार नाही. म्हणून रिपोर्टमध्ये रिंगचा आकार मिलीमीटरमध्ये लिहायचाच, "स्मॉल" लिहून भागत नाही. मोजताना रिंगच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, सूज धरायची नाही.

आता टीबीच्या बाजूने काय काय. वीस मिलीमीटरच्या वर गेलेली, वेडीवाकडी कड, दोन-तीन रिंगा एकमेकींना चिकटून गुच्छ झालेला, मिडलाइन सरकलेली, मेंदूच्या तळाशी मेनिंजेसना (मेंदूच्या आवरणांना) एन्हान्समेंट, हायड्रोकेफॅलस (मेंदूत पाणी साठणं), छातीच्या एक्स-रेत काही. टी२ वर आतला भाग काळा, ही फार कामाची खूण आहे. घट्ट चीजसारखं केसिएशन, म्हणजे टीबीत मेलेला भाग, टी२ वर काळं दिसतं आणि जंताची पिशवी पांढरी. पण ट्युबरक्युलोमा आतून पातळ झाला की तोही पांढरा दिसतो, त्यामुळे टी२ पांढरा म्हणजे जंतच असं उलटं धरू नका.

स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे गाठीतली रसायनं मोजणारी एमआरआय, करता येते. ट्युबरक्युलोमामध्ये १.३ पीपीएमला लिपिडचं मोठं शिखर येतं, ते मदतीचं आहे. पण एक सेंटीमीटरच्या आतल्या गाठीवर व्हॉक्सेल (मोजायचा चौकोन) ठेवला तर निम्मा आजूबाजूचा मेंदूच मोजला जातो आणि ग्राफ काहीही सांगतो. छोट्या रिंगवर स्पेक्ट्रोसाठी वीस मिनिटं घालवण्यापेक्षा तेवढ्या वेळात पातळ स्लाइसचा थ्रीडी नीट करून घ्या, माझं तरी हेच मत आहे.

आणि टिंब. सिस्टच्या आत स्कोलेक्स नक्की दिसला, तर न्यूरोलॉजिस्ट डेल ब्रुटोच्या २००१ च्या आणि नंतर २०१७ मध्ये सुधारलेल्या निकषांतही निदान पक्कं धरतात, बाकीचे पुरावे जुळवत बसावं लागत नाही. म्हणून शोधायची शिस्त लावून घ्या. प्रत्येक रिंग तिन्ही प्लेनमध्ये मोठी करून बघायची, फ्लेअर, टी१, डिफ्युजन आणि थ्रीडी टी२ शेजारी शेजारी लावायचे, टिंब कडेला आहे का मध्ये हे बघायचं, आणि रिंग तिरकी कापली गेल्यामुळे भिंतच टिंबासारखी दिसत नाही ना याची दुसऱ्या प्लेनमध्ये खात्री करायची. खरा स्कोलेक्स एकाहून जास्त प्लेनमध्ये टिंबच राहतो.

मेंदूबाहेरही बघा. एमआरआयच्या कडेला डोळे येतात, जीभ येते, मानेचे आणि चावायचे स्नायू येतात, तिथे छोट्या पिशव्या किंवा सीटीत तांदळाचे दाणे दिसले तर मेंदूतल्या रिंगचं कोडं तिथेच सुटतं. हे बघायला अर्धा मिनिट लागतो.

बाकीचे सारखे दिसणारे

पू झालेली गाठ, म्हणजे ॲब्सेस, रिंग असतेच पण पूर्ण मधला भाग डिफ्युजनवर झगझगीत आणि एडीसीवर (डिफ्युजनच्या जोडीच्या चित्रावर) काळा. जंतात चमकतं ते टिंब. एचआयव्ही असेल तर टॉक्सोप्लाझ्मा डोक्यात ठेवा, बेसल गँग्लियात जास्त. चाळिशीनंतर पहिली फिट आणि जाड वेडीवाकडी रिंग, तर मेटास्टॅसिस आणि ग्लायोमा यादीत वर आणा, तिथे जंत म्हणून वाट बघणं महागात पडतं. व्हर्चो-रॉबिन स्पेस, म्हणजे रक्तवाहिन्यांभोवतीच्या फटी, मोठ्या झालेल्या असतील तर त्या सीएसएफसारख्याच दिसतात, पण रक्तवाहिनीच्या रेषेत असतात, आत टिंब नसतं. फिट नुकतीच येऊन गेली असेल तर कॉर्टेक्सला तात्पुरती सूज आणि डिफ्युजनवर चमक येते, तिला लीजन म्हणू नका.

हायडॅटिड वेगळा जंत आहे, एकायनोकॉकस, कुत्रा आणि मेंढ्यांमधला. मेंदूत तो एकच मोठा, अगदी गोल फुगा करतो, भिंत नितळ, सूज जवळपास नाही, आणि पेशंट बहुतेक वेळा लहान मूल. हे दिसलं तर रिपोर्टमध्ये सुई घालू नये असं स्पष्ट लिहा आणि सर्जनला फोन करा, फुटला तर ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीचा, धोका असतो.

पाण्यातली अळी

मेंदूच्या गरात बसलेली अळी फिट देते, पण पाण्यात बसलेली जीव घेऊ शकते, आणि नेमकी तीच रुटीन स्कॅनमध्ये निसटते. व्हेंट्रिकलमध्ये, त्यातही चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये, पाण्याच्या रंगाची पातळ पिशवी पाण्यात तरंगत असते. सीटीत ती दिसतच नाही, दिसतं फक्त हायड्रोकेफॅलस. डोकं हलवलं की चक्कर, उलटी, एकदम बेशुद्ध, अशी हिस्टरी असेल तर सिस किंवा फिएस्टा केल्याशिवाय पेशंटला टेबलवरून उतरवू नका, त्यात पिशवीची भिंत केसासारखी उठून दिसते. कारण न कळलेला हायड्रोकेफॅलस कुठलाही असो, मी हा सीक्वेन्स करतेच.

दुसरा प्रकार रेसिमोज. तळाच्या सिस्टर्नमध्ये किंवा सिल्व्हियन फिशरमध्ये द्राक्षाच्या घडासारख्या पिशव्या, आणि इथे स्कोलेक्स सापडत नाही, त्यामुळे टिंब नाही म्हणून नाकारायचं नाही. खूण म्हणजे सिस्टर्न एका बाजूला विनाकारण फुगलेला, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. असं असेल तर मणक्याचाही एमआरआय सुचवा, अळ्या खाली उतरलेल्या असू शकतात.

रिपोर्टमध्ये काय जायला हवं

नुसती दोन नावं लिहून कोरिलेट करा म्हणणं बंद करा, माझ्याकडून झालं तसं. लीजन किती, कुठे, किती मिलीमीटर, कुठली अवस्था, स्कोलेक्स दिसला का नाही, सूज किती, मिडलाइन सरकली का, व्हेंट्रिकल मोठी आहेत का, पाण्यात अळी आहे का, डोळ्यात आणि स्नायूंत काय दिसतंय. आणि मग तुमचं मत ठरवून क्रमाने लिहा. त्या मुलीचा सीटी आज माझ्याकडे आला तर मी लिहीन, "डाव्या फ्रंटल लोबमध्ये ११ मिलीमीटरची एकच रिंग, आत एका कडेला स्कोलेक्स, भोवती मध्यम सूज, मिडलाइन जागेवर, कोलॉइडल अवस्थेतला सिस्टिसरकस, ट्युबरक्युलोमाच्या बाजूने पुरावा नाही."

तीन गोष्टींसाठी रिपोर्टची वाट न बघता फोन उचला. हायड्रोकेफॅलस किंवा व्हेंट्रिकलमधली अळी. डोळ्यातली अळी. आणि मेंदूभर असंख्य पिशव्या एकदम सुजलेल्या, ज्याला एन्सेफलायटिस प्रकार म्हणतात, जास्त करून मुलांत आणि तरुण मुलींत. या शेवटच्या पेशंटला अल्बेंडाझोल (जंताचं औषध) दिलं तर मरणाऱ्या अळ्यांमुळे सूज अजून भडकते, तिथे आधी सूज उतरवायची असते. अल्बेंडाझोल कुणालाही सुरू करायच्या आधी डोळ्याची फंडस तपासणी व्हायला हवी, डोळ्यातली अळी औषधाने मेली तर नजर जाऊ शकते, म्हणून रिपोर्टच्या शेवटी मी ती सूचना एका ओळीत लिहिते. औषध काय आणि किती दिवस ते न्यूरोलॉजिस्ट ठरवतील.

रक्ताच्या तपासणीबद्दल विचारतील. जंताविरुद्धची अँटीबॉडी शोधायला साध्या एलायझापेक्षा ईआयटीबी ब्लॉट भरवशाचा, पण एकच गाठ असेल किंवा नुसतं कॅल्सिफिकेशन असेल तर तोही बऱ्याचदा निगेटिव्ह येतो. निगेटिव्ह रिपोर्ट आला म्हणून तुम्ही डोळ्याने बघितलेला स्कोलेक्स मागे घेऊ नका.

परत स्कॅन

एकट्या गाठीसाठी साधारण तीन ते सहा महिन्यांनी, आणि जिवंत सिस्ट असतील तर त्या जाईपर्यंत दर सहा महिन्यांनी एमआरआय. मुलांमध्ये परत परत सीटी टाळता येईल तेवढा टाळा, एकदा प्लेन सीटी करून कॅल्शियम बघितलं की पुढे एमआरआयवर चालतं. मोजमाप त्याच सीक्वेन्सवर, त्याच प्लेनमध्ये, जुना स्कॅन शेजारी उघडून करा, जुना रिपोर्ट वाचून नाही. आकार, रिंग आणि सूज तिन्हींची तुलना वेगवेगळी लिहा, कारण आकार कमी होत असताना मधल्या काळात सूज वाढू शकते आणि औषध फेल गेलं असं वाटतं. गाठ गेली असेल तर तिच्या जागी एसडब्ल्यूआयवर ठिपका राहिलाय का ते नक्की लिहा, फिटच्या गोळ्या कधी थांबवायच्या हे न्यूरोलॉजिस्ट ठरवतात त्यात या ठिपक्याला वजन असतं. आणि गाठ वाढत असेल, तर पहिलं निदान माझंच असलं तरी सगळी यादी परत पहिल्यापासून.

जाताना घरच्यांना सांगा की घरातल्या सगळ्यांनी आणि स्वयंपाकाला कुणी येत असेल तर त्यांनीही शौचाची तपासणी करून घ्यावी. आतड्यात पट्टकृमी असलेला माणूस त्याच घरात निघू शकतो, आणि त्याच्यावर उपचार झाले नाहीत तर त्या मुलीच्या भावाचा स्कॅन उद्या तुमच्याच टेबलवर येईल.